चिनी संस्कृतीतील मांसवर्जन : उगम, विस्तार आणि परदेशीय संबंध

श्रीलंका, म्यानमार व थायलंड येथील भिक्षूच्या पात्रात उपासकाने मासळीचा तुकडा घातला, तर तो सामान्यतः नाकारीत नाही. चीन, तैवान किंवा व्हिएतनाम येथील महायानी भिक्षूने तोच तुकडा मुखात घातला, तर त्याची गणना व्रतभ्रष्टांत होते. दोघांचा शास्ता एक, दोघांच्या विनयग्रंथांचे मूळही एकच. तरीही आहाराच्या बाबतीत दोघांच्या आचारात हा भेद आहे. भगवान बुद्धाचा मांसाहार आणि 'सूकरमद्दव' या शब्दाचा अर्थ यांवरील वाद धर्मानंद कोसंबी यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. चीनमध्ये या वादाचा निकाल फार पूर्वी, सहाव्या शतकाच्या आरंभीच लागला, आणि तो एका राजाच्या दरबारात लागला.

चिनी मांसवर्जन ही भारतीय अहिंसेची थेट देणगी होय, असे सामान्यतः समजले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. मांसनिषेधाची वचने भारतातून गेली हे निर्विवाद. परंतु त्या वचनांचे सर्व संघावर बंधनकारक अशा नियमात रूपांतर झाले ते चीनच्या भूमीवर, चिनी गृहस्थांच्या अपेक्षेने आणि चिनी राजसत्तेच्या बळाने. पुढे हाच आचार चीनमधून इतर देशांत गेला. तसेच तो राजसत्तेच्या संशयासही पात्र झाला. या तिन्ही अवस्थांचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

१. बौद्धपूर्व परंपरा

प्राचीन चीनमध्ये मांस हे वैभवाचे व अधिकाराचे चिन्ह होते. 'त्सो-चुआन' या इतिहासग्रंथात राज्यकर्त्या वर्गाचा उल्लेख 'मांस खाणारे' या शब्दांनीच येतो. मेन्शिअसच्या आदर्श राज्यात सत्तरी गाठलेल्या वृद्धास मांस मिळावे, ही सुव्यवस्थेची एक कसोटी आहे. पितरांना व देवतांना पशुबली देणे हे राजाचे आद्य कर्तव्य मानले जाई. सामान्य शेतकरी बव्हंशी धान्य व भाजीपाला यांवरच जगे. परंतु ते दारिद्र्य होते, व्रत नव्हते.

असे असले तरी मांसत्यागाला एक धार्मिक अर्थ येथेही होता. यज्ञापूर्वी यजमानाने काही दिवस शुचिर्भूत राहून आहार, निवास व संग यांचे नियम पाळावेत, या आचारास 'चाइ' म्हणत. 'लुन-यू' या संवादग्रंथात कन्फ्यूशिअस अशा काळात आहार व आसन बदलीत असे, अशी नोंद आहे. दुसरा प्रसंग सुतकाचा. 'ली-ची' या आचारग्रंथानुसार आईबापांच्या निधनानंतर पुत्राने दीर्घ काळ मद्यमांस वर्ज्य करावे. मात्र आजाऱ्याला व सत्तरीपुढच्या वृद्धाला त्यातून सूट होती. याचा अर्थ असा की, मांस सोडणे म्हणजे शुद्धी आणि मांस सोडणे म्हणजे शोक, ही दोन्ही समीकरणे चिनी मनात बुद्धाचे नाव तेथे पोहोचण्यापूर्वीच रुजली होती. परंतु तेथे मांसत्याग नैमित्तिक होता, आणि प्राण्याच्या जीविताशी त्याचा संबंध नव्हता. मेन्शिअसने बळीसाठी नेल्या जाणाऱ्या बैलाविषयी राजाच्या मनात उपजलेल्या करुणेची प्रशंसा केली. परंतु त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मांस सोडावे असा नसून सज्जनाने मुदपाकखान्यापासून दूर राहावे एवढाच होता.

बौद्ध ग्रंथांच्या अनुवादकांनी 'उपोसथ' या संज्ञेसाठी हाच 'चाइ' शब्द योजिला. भारतीय अर्थाने उपोसथाच्या दिवशीचा आहारनियम हा मध्यान्हीनंतर न जेवण्याचा होता. चिनी लोकभाषेत मात्र 'चाइ खाणे' याचा अर्थ कालांतराने मांसरहित अन्न खाणे असा झाला. वेळेचा नियम पदार्थाचा नियम बनला. परकीय आचार देशी शब्दाच्या साच्यात ओतला गेला म्हणजे त्याचा आकार कसा बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

२. विनय आणि महायान सूत्रे

पाली विनयात मांसाचा सरसकट निषेध नाही. मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, सर्प, सिंह इत्यादी दहा प्रकारची मांसे निषिद्ध आहेत. इतर मांस 'त्रिकोटिपरिशुद्ध' असल्यास, म्हणजे आपल्यासाठी प्राणी मारला असे पाहिलेले, ऐकलेले किंवा संशयिलेले नसल्यास, ग्राह्य ठरते. मत्स्यमांसाचा संपूर्ण त्याग भिक्षूंवर बंधनकारक करावा ही मागणी देवदत्ताची होती, आणि ती बुद्धाने फेटाळली असे विनय सांगतो. या भूमिकेमागे भिक्षाचर्येचा विचार दिसतो. दारोदार पात्र घेऊन फिरणाऱ्याने मिळेल ते घ्यावे. निवड करणे हाच त्याच्या बाबतीत दोष होय.

महायान सूत्रांत हा सूर पालटला. 'महापरिनिर्वाणसूत्रा'त मांसाहार महाकरुणेचे बीज नष्ट करतो अशा आशयाची शिकवण असून, पूर्वीची परवानगी ही पायरीपायरीने उपदेश करण्यासाठी होती असे स्पष्टीकरण दिले आहे. या सूत्राची एक प्रत फाहियानने पाटलिपुत्राहून आणली. बुद्धभद्राच्या साहाय्याने तिचे भाषांतर इ. स. ४१८ मध्ये पूर्ण झाले. मध्यदेशातून गेलेल्या धर्मक्षेमाने वायव्य चीनमध्ये केलेले विस्तृत भाषांतर इ. स. ४२१ चे आहे. गुणभद्राने इ. स. ४४३ मध्ये 'लंकावतारसूत्र' चिनीत आणले. त्यातही मांसभक्षणाचा निषेध येतो. अवघ्या पंचवीस वर्षांत हे सर्व साहित्य चिनी वाचकाच्या हाती पडले.

याच्या जोडीला 'ब्रह्मजालसूत्र' या नावाने प्रसिद्ध असलेला शीलग्रंथ येतो. पाली दीघनिकायातील त्याच नावाच्या सुत्ताहून तो सर्वस्वी भिन्न असून पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो चीनमध्येच रचला गेला, असे आधुनिक संशोधक मानतात. त्यातील अठ्ठेचाळीस लघुशीलांत तिसरे मांसत्यागाचे, चौथे कांदा-लसूण इत्यादी पाच उग्र वनस्पतींच्या त्यागाचे आणि विसावे प्राण्यांना बंधमुक्त करण्याचे आहे. या विसाव्या शीलात सर्व प्राणी हे कोणत्या ना कोणत्या जन्मी आपले मातापिता होते, असा विचार मांडला आहे. पितृभक्ती हा ज्या समाजाचा सर्वोच्च धर्म, त्या समाजाला याहून प्रभावी युक्तिवाद सापडणे कठीण होते. भारतीय पुनर्जन्मकल्पना आणि चिनी पितृपूजा यांचा सांधा येथे जुळला.

३. सम्राट वू आणि संघ

राजाज्ञेपूर्वीच दक्षिण चीनमधील सुशिक्षित गृहस्थांत मांसत्यागाची प्रवृत्ती वाढत होती. पाचव्या शतकातील अधिकारी व पंडित चौ युंग हा आजन्म शाकाहारी म्हणून प्रसिद्ध होता, आणि वसंतारंभीच्या व शरदाच्या अखेरीच्या कोवळ्या भाज्यांची त्याने केलेली वाखाणणी इतिहासकारांनी टिपून ठेविली आहे. कवी व इतिहासकार शेन युए (४४१–५१३) याने तर एक पाऊल पुढे टाकले. मांसासाठी पशू मारणे अयोग्य असेल, तर वस्त्रासाठी रेशमाचे किडे मारणेही अयोग्यच, असे त्याने प्रतिपादिले. रेशीम ही ज्या देशाची संपत्ती आणि प्रतिष्ठा, तेथे हे म्हणणे धाडसाचे होते. अशा गृहस्थांच्या शेजारी मांस खाणारा भिक्षू शोभेनासा झाला. नियमाची मागणी संघाबाहेरून आली, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

लिआंग घराण्याचा संस्थापक सम्राट वू (जन्म ४६४, राज्यकाल ५०२–५४९) याने या मागणीस राजाज्ञेचे रूप दिले. 'मद्यमांसत्याग' या विषयावरील त्याचा लेख ताओ-श्युआन या विनयाचार्याने सातव्या शतकात केलेल्या संग्रहात सुरक्षित आहे. त्याचा निश्चित काळ वादग्रस्त असून निरनिराळे अभ्यासक तो इ. स. ५११ ते ५२३ यांच्या दरम्यान धरतात. सम्राटाने राजधानी चिएन-कांग येथे चौदाशेंहून अधिक भिक्षू-भिक्षुणींना पाचारण केले. महापरिनिर्वाणसूत्रातील वचने वाचविली गेली. मांस खाणारा भिक्षू काही बाबतींत अन्यपंथीयांपेक्षा व गृहस्थांपेक्षाही कसा खालचा ठरतो, याचे सविस्तर प्रतिपादन झाले. आपण स्वतः मद्यमांस सेवन केल्यास आपणास नरकवास घडावा, अशी शपथ सम्राटाने घेतली, आणि आज्ञाभंग करणाऱ्या भिक्षूस राजदंड होईल असे बजाविले.

या सभेनंतर सम्राटाने विनयधरांशी केलेला संवाद या लेखाचा सर्वांत उद्बोधक भाग होय. विनयात त्रिकोटिपरिशुद्ध मांसास अनुज्ञा आहे, हे पंडितांनी नाकारले नाही. नाकारणे शक्यही नव्हते. सम्राटाने एकेकास प्रश्न विचारून अडचणीत आणले, आणि पूर्वीची अनुज्ञा तात्पुरती असून सूत्रवचन अंतिम होय, हे त्यांच्याकडून वदवून घेण्याचा यत्न केला. ग्रंथप्रामाण्याच्या दृष्टीने विनयधरांचा पक्ष दुबळा नव्हता. परंतु प्रश्न ग्रंथाचा उरलाच नव्हता. आपला आचार ठरविण्याचा अधिकार संघाचा की राजाचा, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर राजसभेच्या स्थानानेच दिले होते.

इ. स. ५१७ मध्ये सम्राटाने राजयज्ञांतील पशुबली बंद करून त्यांच्या जागी कणकेचे नैवेद्य सुरू केले. राजवैद्यांनी औषधांत प्राण्यांचा उपयोग करू नये, आणि कापडावर पशुपक्ष्यांच्या आकृती विणू नयेत, कारण शिंपी ते कापड कातरताना त्या आकृती कापल्या जातील, अशाही आज्ञा निघाल्या. पिष्टपशूच्या वादाशी परिचित असलेल्या भारतीय वाचकास या कणकेच्या बळीचे नवल वाटणार नाही. चिनी दरबारात मात्र पितरांच्या वाट्याचे रक्तान्न तुटले म्हणून मोठी ओरड झाली. पुढे इ. स. ५४९ मध्ये बंडखोरांच्या कैदेत सम्राटाचा उपासमारीने अंत झाला. तीन शतकांनंतर, इ. स. ८१९ मध्ये, हान यू याने बुद्धास्थींच्या पूजेविरुद्ध सादर केलेल्या प्रसिद्ध निवेदनात, पशुबली बंद करून दिवसातून एकदा शाकाहार करणाऱ्या या राजाच्या मरणाचा दाखला दिला. राजा गेला, त्याचे घराणेही लवकरच लयास गेले. परंतु भिक्षूने मांस खाऊ नये हा नियम टिकला.

हा नियम टिकण्याचे कारण केवळ राजाज्ञेत शोधता येत नाही. चिनी मठांना जमिनी होत्या, मळे होते, स्वतःची धान्यकोठारे व भोजनशाला होत्या. भिक्षापात्रावर निर्वाह ही तेथील सर्वसामान्य रीत राहिली नाही. ज्याच्या घरी चूल आहे त्याला निवड करता येते, आणि ज्याला निवड करता येते त्याला मिळेल ते घ्यावे हे समर्थन उरत नाही. त्रिकोटिशुद्धीचा नियम भिक्षापात्रासाठी होता; भोजनशाला आल्यावर त्याचा आधारच नाहीसा झाला.

४. प्रवाशांची साक्ष

इ. स. ३९९ मध्ये चांग-आनहून निघालेल्या फाहियानने मध्यदेशाचे वर्णन करताना, तेथील लोक जीवहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत व कांदा-लसूण खात नाहीत. अपवाद केवळ चांडाळांचा, असे लिहिले. हे चित्र आदर्शीकृत आहे यात शंका नाही. परंतु चिनी वाचकाच्या मनावर बुद्धभूमी म्हणजे अशी भूमी, हे त्याने ठसविले.

चालुक्य पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा ह्युएनत्संग इ. स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला तेव्हा सम्राट वूच्या सभेस शंभर वर्षे होऊन गेली होती. मध्य आशियातील कूचा येथे राजाने त्याच्यापुढे त्रिशुद्ध मांसाचे भोजन ठेविले असता त्याने ते नाकारले. मगधातील हंसस्तूपाची कथाही त्याने नोंदविली आहे. तेथील हीनयानी भिक्षू त्रिशुद्ध मांस घेत. एके दिवशी अन्न मिळाले नसता आकाशातून जाणाऱ्या हंसांच्या थव्यातील एक हंस त्यांच्यापुढे मरून पडला. तेव्हा तो बोधिसत्त्वाचाच उपदेश मानून त्यांनी मांस वर्ज्य केले. या वृत्तांतातून एक गोष्ट उघड होते : सातव्या शतकातही भारतात व मध्य आशियात मांस घेणारे भिक्षू होते, आणि चिनी यात्रेकरूस ते खटकत होते.

इत्सिंग (प्रवासकाल ६७१–६९५) याची दृष्टी वेगळी होती. भारतातील विनयाचार प्रत्यक्ष पाहून आल्यावर त्याने मायदेशातील अतिरेकी सोवळेपणावर टीका केली. जीवहिंसा होते म्हणून रेशीम न वापरण्याचा जो आग्रह चीनमधील काही विनयाचार्य धरीत, त्यास भारतीय आधार नाही, असे त्याने दाखवून दिले. देणाऱ्या देशापेक्षा घेणारा देश अधिक कठोर झाला होता, याची ही तत्कालीन साक्ष होय.

५. राजाज्ञा आणि पाकशाळा

तांग काळात मांसनिषेध राज्यकारभारात शिरला. इ. स. ६१९ मध्ये वर्षातील पहिल्या, पाचव्या व नवव्या महिन्यांत तसेच ठराविक उपोसथदिनी पशुहत्येस व देहदंडास बंदी करणारी आज्ञा निघाली. सम्राज्ञी वू त्से-तिएन हिने इ. स. ६९२ मध्ये पशुवध व मासेमारी यांवर सरसकट बंदी घातली. त्याच काळात दुष्काळ पडून मासळीवर जगणाऱ्या लोकांचे हाल झाले. चांग ते या अधिकाऱ्याने पुत्रजन्माच्या आनंदाप्रीत्यर्थ गुप्तपणे मेंढरू कापले. मेजवानीस आलेल्या एका सहकाऱ्याने मांस लपवून नेऊन सम्राज्ञीकडे चहाडी केली. सम्राज्ञीने दुसऱ्या दिवशी भर दरबारात ती चिठ्ठी चांग तेलाच दाखविली आणि यापुढे पाहुणे पारखून बोलवावेत, असे त्यास सांगितले. चहाडखोराची नाचक्की झाली. कायदा करणारीसही तो सक्तीने राबविणे परवडत नव्हते, हे या प्रसंगातून सूचित होते. इ. स. ७०० मध्ये ती बंदी उठली.

आज्ञेने जे साधले नाही ते पाकशास्त्राने साधले. नवव्या शतकातील अधिकारी त्स्वे आन-च्येन हा स्वतः शाकाहारी असून मेजवानीत कणीक व कंद यांना रंग देऊन डुकराचा खांदा, मेंढ्याची तंगडी असे हुबेहूब दिसणारे पदार्थ वाढीत असे. दहाव्या शतकात थाओ कू याच्या नावावरील संग्रहात टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून पनीरासारख्या केलेल्या वड्यांचा, प्रथमच स्पष्ट उल्लेख येतो, आणि लोक त्यास 'लहान मेंढरू' म्हणत असे तेथे सांगितले आहे. अकराव्या शतकात शेन क्वो याने लोखंडातील पोलादास कणीक धुतल्यावर उरणाऱ्या चिवट गोळ्याची उपमा दिली. तो पदार्थ घरोघरी ओळखीचा असल्यावाचून अशी उपमा सुचत नाही. तेराव्या शतकातील लिन हुंगच्या पाकग्रंथात भोपळा व हाच कणकेचा गोळा यांपासून करावयाच्या 'खोट्या तळलेल्या मांसा'ची कृती आहे. दक्षिण सुंग राजधानी हांग-चौमध्ये निव्वळ शाकाहारी खाणावळी होत्या, असे वू त्झू-मू याच्या नगरवर्णनावरून कळते.

मांसाची नावे व रूपे धारण करणारे हे पदार्थ भारतीय शाकाहाऱ्यास चमत्कारिक वाटतात. परंतु चीनमध्ये शाकाहार हा जातीचा वारसा नव्हता. एकाच कुटुंबात मांस खाणारे व न खाणारे एका मेजावर बसत. अमावास्या-पौर्णिमेला मांस सोडणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी ते खात असे. अशा समाजात शाकाहारी मेजवानी ही मेजवानीसारखीच दिसणे आवश्यक होते.

६. संशयित शाकाहारी

मांसवर्जनाचा दुसरा एक प्रवाह इराणमधून आला. मणीचा (जन्म इ. स. २१६) धर्म इ. स. ६९४ मध्ये चीनमध्ये पोहोचला. त्याच्या निवडक साधकांस मांस व मद्य वर्ज्य होते. स्वतः मणी सिंधुनदीच्या प्रदेशापर्यंत येऊन गेला होता. इ. स. ७६२-६३ च्या सुमारास उइगुर खानाने हा धर्म स्वीकारल्यावर रक्तमांसाच्या भोजनाचा देश भाजीपाल्याच्या भोजनाचा झाला, अशा आशयाचा अभिमान त्यांच्या कारा-बालगासून येथील शिलालेखात व्यक्त झाला आहे. इ. स. ८४३ नंतर हा पंथ दडपला गेला, तरी आग्नेय किनाऱ्यावर तो गुप्तपणे टिकला. बाराव्या शतकात लू यू याने फूचिएनमधील त्याच्या अनुयायांमुळे धूप आणि तांबड्या अळिंबांचे भाव वाढल्याची नोंद केली. छ्वान-चौजवळच्या मठात मणीची इ. स. १३३९ मधील शिलामूर्ती अद्याप आहे.

सुंग अधिकाऱ्यांनी अशा पंथांसाठी 'भाजी खाऊन भुताची सेवा करणारे' असा तुच्छतादर्शक शब्द रूढ केला. इ. स. ११२० मधील फांग लाच्या बंडानंतर ही दडपशाही तीव्र झाली. फांग ला मणिपंथी होता की नाही याविषयी संशोधकांत एकमत नाही. परंतु त्या आरोपातच खरे मर्म आहे. मांस न खाणाऱ्याचे यज्ञ, लग्ने आणि गावजेवणे यांतील स्थान तुटते, तो आपल्यासारख्यांशीच भोजनसंबंध ठेवतो, आणि असा गट राज्यकर्त्यास धोक्याचा वाटतो. भिक्षूचा शाकाहार हे पुण्य, तर मठाबाहेरच्या संघटित गृहस्थाचा शाकाहार हे राजद्रोहाचे लक्षण, अशी ही विभागणी होती.

लो चिंग (१४४२–१५२७) याच्या शिकवणीतून निघालेल्या पंथांचा इतिहास हेच सांगतो. महाकालव्यावर धान्य वाहणाऱ्या नावाड्यांत हा पंथ पसरला. त्यांच्या सभागृहांत थकलेल्या, निराधार नावाड्यांस आसरा मिळे आणि मेल्यावर पुरण्याची सोय होई. इ. स. १७६८ मध्ये छ्येन-लुंग सम्राटाच्या राजवटीत या पंथाविरुद्ध मोहीम झाली. याउलट इ. स. १८९५ च्या १ ऑगस्ट रोजी फूचिएनमधील कू-तिएनजवळ 'शाकाहारी' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या एका टोळीने ख्रिस्ती मिशनच्या अकरा जणांची हत्या केली. त्यांत मुलेही होती. आहारातील अहिंसा व वर्तनातील अहिंसा यांचे समीकरण गृहीत धरता येत नाही, हे या घटनेने दाखविले.

या गृहस्थपंथांच्या 'चाइ-मंदिरांनी' स्त्रियांसही आश्रय दिला. क्वांगतुंगमधील रेशीमउद्योगाच्या भागात स्वतः मिळविणाऱ्या अनेक स्त्रियांनी विवाह नाकारला. त्यांच्यापैकी काही जणी पुढे सिंगापुरात कामास गेल्या, आणि म्हातारपणी तेथील शाकाहारी मंदिरांत राहिल्या. ज्या रेशमाचा शेन युएने निषेध केला होता त्याच्याच मजुरीने या स्त्रियांस स्वातंत्र्य मिळाले, हा इतिहासातील विरोधाभास होय.

७. पूर्वेकडील प्रसार

चीनमधून बौद्ध धर्म जेथे गेला तेथे हा आचारही गेला. कोरियातील सिल्ला राज्यात इ. स. ५२९ मध्ये आणि पैकचे राज्यात इ. स. ५९९ मध्ये जीवहत्याबंदीच्या आज्ञा निघाल्या. पैकचेमध्ये पाळीव ससाणे सोडून देण्याची व मासेमारीची साधने जाळण्याचीही आज्ञा होती. जपानमध्ये सम्राट तेन्मूने इ. स. ६७५ मध्ये वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास बंदी केली. इ. स. १२२३ मध्ये चीनला गेलेल्या दोगेन या भिक्षूस बंदरातच एक वृद्ध मठ-आचारी भेटला. तो जपानी जहाजावर अळिंबे विकत घेण्यासाठी आला होता. स्वयंपाक ही साधनाच होय, हा धडा दोगेनने त्याच्यापासून घेतला, आणि इ. स. १२३७ मध्ये मठातील आचाऱ्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इ. स. १६५४ मध्ये जपानला गेलेल्या यिन-युआन या चिनी आचार्याच्या शिष्यपरंपरेने मिंगकालीन शाकाहारी भोजनपद्धती तेथे रूढ केली.

८. रीची आणि चू-हुंग

सोळाव्या शतकाच्या अखेरीस या आचारास एका नव्या प्रतिपक्षास तोंड द्यावे लागले. आचार्य चू-हुंग (१५३५–१६१५) याने हत्यात्याग व प्राणिमुक्ती यांवर लिहिलेले प्रबंध तेव्हा सर्वत्र वाचले जात. वाढदिवस, पुत्रजन्म, श्राद्ध, विवाह, पाहुणचार, नवस आणि उपजीविका या सात निमित्तांनी होणाऱ्या हत्येचा त्याने निषेध केला. म्हणजे कौटुंबिक जीवनाच्या गाभ्यासच हात घातला. जेझुइट धर्मोपदेशक मात्तेओ रीची (१५५२–१६१०) याने इ. स. १६०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या चिनी ग्रंथात या विचाराचे खंडन केले. पुनर्जन्माची कल्पना मूळ ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरस याची असून ती त्याच्यापासून भारतात व तेथून चीनमध्ये आली, असा वंशवृक्ष त्याने मांडला. प्राणी पूर्वजन्मीचे आईबाप असतील म्हणून मारू नयेत, तर वधूही पूर्वजन्मीची माता असू शकेल. मग विवाहही बंद करावा काय, असा त्याचा प्रश्न होता. ख्रिस्ती उपवास मात्र त्याने मान्य केला. त्याचे कारण प्राणिदया नसून पापक्षालन व इंद्रियनिग्रह हे होते.

चू-हुंगने मृत्यूच्या वर्षी दिलेल्या उत्तरात वध व विवाह एका पातळीवर आणण्यास नकार दिला. शील हत्येपासून परावृत्त करते, संसारापासून नव्हे. तर्काच्या टोकास जाऊन शीलाची थट्टा करणे म्हणजे शील समजणे नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ग्रीस, भारत, चीन व रोम यांचा एका ताटावरून झालेला हा वाद जगाच्या बौद्धिक इतिहासात महत्त्वाचा मानावा लागेल.

९. आधुनिक काळ

विसाव्या शतकात शाकाहाराच्या समर्थनाची भाषा बदलली. अमेरिकेत चीनचा राजदूत म्हणून राहिलेला वू तिंग-फांग (१८४२–१९२२) पाश्चात्त्य आरोग्यशास्त्राच्या आधारे शाकाहाराचा प्रचारक झाला. ली शी-त्सेंग (१८८१–१९७३) याने पॅरिसजवळ टोफूचा कारखाना काढला आणि इ. स. १९१२ मध्ये सोयाबीनवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. सन यत-सेन यांनी इ. स. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात टोफू व भाजीपाल्याचा चिनी आहार विज्ञानास धरून असल्याचे सांगताना या कारखान्याचाही उल्लेख केला. पंधराशे वर्षांपूर्वी आहाराचा विचार पश्चिमेकडून चीनमध्ये आला होता. आता आहाराचा पदार्थ चीनमधून पश्चिमेकडे निघाला. इ. स. १९२२ मध्ये शांघाय येथे सुरू झालेले 'कुंग-ते-लिन' हे शाकाहारी उपाहारगृह पुढे विख्यात झाले. कवयित्री ल्यू पी-चेंग (१८८३–१९४३) हिने इ. स. १९२९ मध्ये व्हिएन्ना येथील प्राणिरक्षण परिषदेत भाषण केले.

त्याच वर्षी चित्रकार फेंग त्झू-खाय (१८९८–१९७५) याने आपले गुरू भिक्षू हुंग-यी (१८८०–१९४२) यांच्या पन्नाशीनिमित्त पन्नास चित्रांचा 'जीवरक्षण-चित्रसंग्रह' प्रसिद्ध केला. दर दहा वर्षांनी दहा-दहा चित्रे वाढवून शंभर चित्रांपर्यंत जावे, असा संकल्प होता. जपानशी युद्ध चालू असता असल्या पुस्तकाचा आता काय उपयोग, अशी टीका झाली. त्यावर जीव राखणे म्हणजे आपले मन राखणे, असा खुलासा फेंगने केला. सांस्कृतिक क्रांतीच्या छळातही त्याने शेवटचा, सहावा भाग इ. स. १९७३ मध्ये गुप्तपणे पूर्ण केला. सिंगापुरातील एका भिक्षूच्या प्रयत्नाने सर्व भाग इ. स. १९७९ मध्ये चीनबाहेर प्रसिद्ध झाले. तोपर्यंत चित्रकार हयात नव्हता. तैवानमध्ये 'यी-क्वान-ताओ' या शाकाहारी पंथावरील बंदी इ. स. १९८७ मध्ये उठली, आणि त्याच्या अनुयायांची भोजनगृहे अनेक देशांत पसरली.

१०. निष्कर्ष

या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कल्पनेचे मूळ आणि नियमाचे मूळ एकाच ठिकाणी असते असे नाही. मांसनिषेधाचे वचन पाटलिपुत्राहून गेले, नियम चिएन-कांगमध्ये झाला. दुसरी, तो नियम रुजला याचे श्रेय एकट्या राजाला देता येत नाही. सुतकाची जुनी रीत, पितृभक्ती, मठांची शेती व भोजनशाला, गृहस्थांचा नैतिक दबाव आणि आचाऱ्यांचे कसब, या सर्वांनी तो उचलून धरला. वू त्से-तिएनच्या बंदीला असा आधार नव्हता, म्हणून ती आठ वर्षांत संपली. तिसरी, आहार हा समाजात माणसाचे स्थान ठरविणारा आचार आहे. एकच ताट भिक्षूस पूज्य, नावाड्यास संशयित, अविवाहित स्त्रीस स्वतंत्र आणि चित्रकारास निर्भय करू शकले. म्हणून चिनी मांसवर्जनाच्या अभ्यासकाने सूत्रवचनांइतकेच लक्ष कोठारांच्या नोंदींकडे, बंदीहुकुमांकडे आणि पाकग्रंथांकडे दिले पाहिजे.